एक चिंचोका कमी

२७ जानेवारी, सोमवार

सुटले एकदाची! पोलादपूरकडच्या भरलेल्या कागदांचा शेवटचा गठ्ठा आज एसटीने आला. बुशराने तो स्टँडवरून रिक्षात घालून आणला आणि माझ्या टेबलावर आपटून म्हणाली, "घ्या ताई, तुमच्या डोंगरातल्या बायका." बुशरा माझी मदतनीस, महाड शहरातलीच. काम चोख, तोंड त्याहून चोख.

काम काय आहे ते एकदा लिहून ठेवते, म्हणजे म्हातारपणी वही वाचली तर माझं मलाच कळेल. दासगावच्या खाली नदीकाठच्या वाड्यांमध्ये महापुरात विहिरी गाळाने बुजल्या. तेव्हापासून तिथे सगळे बोअरचं मचूळ पाणी पितात. बायका म्हणतात, ह्या पाण्याने आमची बाळं पोटातच जातात. कुणी खाडीच्या खाराला दोष देतं, कुणी कारखान्यांना, कुणी नशिबाला. मुंबईच्या डॉ. वझेसरांनी ठरवलं की दोष नंतर देऊ, आधी मोजू. खालच्या वाड्या एका रकान्यात, पोलादपूरच्या डोंगरातली झऱ्याचं पाणी पिणारी गावं दुसऱ्या रकान्यात. महापुरानंतरची बाळंतपणं धरायची, आधीचं एकही नाही. सर्व्हेच्या मुलींनी घरोघरी जाऊन विचारायचं, "या घरात कुणाचं बाळ गेलं का?" मोजणारी मी, आम्रपाली, एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स.

कॉम्प्युटर आहे, पण हाताने मोजल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. कागद उलटायचा, बाळ गेलेलं असेल तर ताटलीत एक चिंचोका टाकायचा. धम्मपाल म्हणतो, "एवढं शिकून शेवटी सारीपाटच खेळतेस." खेळू दे. नवऱ्याला काय जातंय.

३ फेब्रुवारी, सोमवार

फरक नाही.

खाली आणि वर, दोन्ही रकाने जवळपास सारखे. उलट वरचाच किंचित जड. सरांना फोन केला, ते म्हणाले, "अपेक्षा नव्हती, पण आकडे आहेत ते आहेत." मला बरं वाटलं. का बरं वाटलं ते कळलं नाही. नळाच्या पाण्यासाठी ती सगळी माणसं भांडताहेत, त्यांच्यासाठी वाईट वाटायला हवं होतं.

संध्याकाळी सेजलचा फोन. सेजल माझी धाकटी जाऊ, सासू (आम्ही दोघी त्यांना आत्या म्हणतो) आणि दिरांबरोबर खालच्या वाडीतच राहते. आम्ही दोघं तीन वर्षांपूर्वी महाडात भाड्याच्या खोल्यांत आलो, धम्मपालच्या शिफ्टला बरं पडतं म्हणून. सेजलला पाचवा सरत आलाय. म्हणाली, "ताई, ह्या पाण्याचं काय करू? महाडातनं कॅन भरून आणा म्हटलं तर आत्या म्हणतात, नाटकं हायत."

मी म्हटलं, "अगं, मी स्वतः मोजलंय. खाली-वर काही फरक नाही. पी बिनधास्त."

तिने सोडलेला श्वास फोनवर ऐकू आला. "तुम्ही म्हणता म्हणजे झालं," म्हणाली. बिचारी. असं कुणी आपल्यावर विसंबलं की छाती फुगते.

८ फेब्रुवारी, शनिवार

एक कटकट आहे. खालच्या वाड्यांचा आकडा माझा आणि मशीनचा जुळतो. वरच्या गावांत मशीन एक जास्त सांगतं. एकच. मी पुन्हा कागद उलटले, पुन्हा चिंचोके टाकले, पुन्हा एक कमी. चिंचोका टेबलाखाली घरंगळला असेल म्हणून झाडू मारला. बुशराने एखादा कागद दोनदा चढवला असणार म्हणून तिला झापलं. तिने स्वतः मोजलं. तिचं मशीनशी जुळलं! मग मी तिला आणखी झापलं.

लिहू नये पण लिहिते. दुपारी मोजताना खुर्चीशेजारी कुणीतरी उभं आहे असं वाटतं. खुर्चीच्या हाताएवढ्या उंचीचं. ताटलीत डोकावणारं. मी वळून बघत नाही, कारण वळलं की काही नसणार हे मला माहीत आहे, आणि मला ते नकोय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

रजा टाकली. धम्मपालनेही टाकली, मी न सांगता. दिवसभर दोघांनी मिळून भिजवलेले वाल सोलले. एवढे वाल कोण खाणार होतं देव जाणे. ही तारीख मला आवडत नाही, एवढंच.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज बुशरा माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. "मोजा ताई, मी नुसती बघते." मी मोजलं. एक कमी.

ती हळूच म्हणाली, "रागावू नका. तुम्ही हा कागद उलटता आणि पुढे जाता. चिंचोका टाकतच नाही. सोमवारपासून बघतेय मी."

कागद घेतला. उमरठ, बौद्धवाडी, घर सतरा. नावं आम्ही घेतच नाही. बाई पहिलटकरीण, आठवा महिना, मुलगी, मेलेलीच जन्मली. माहिती देणारी, बाईची आई. बरं, मग? अशा पुष्कळ आहेत. डोळे थकले असतील, चष्म्याचा नंबर वाढला असेल. पण बुशरासमोर हसं झालं ते झालंच. दर दहातला एक कागद पुन्हा घरी जाऊन तपासायचा असा आमचा नियम आहे. म्हटलं, हाच तपासते, जाते स्वतः.

बुशरा म्हणाली, "उमरठ तुमचं माहेर ना, ताई?"

"मग? माहेरात काय मी एकटीच जन्मले का?" असं खेकसले तिच्यावर. ती उठून चहा सांगायला गेली.

१६ फेब्रुवारी, रविवार

आधी एसटी, मग पोलादपूरहून वडापची जीप. तीन वर्षांनी उमरठ. आई अधूनमधून महाडला येते, त्यामुळे मला जायची वेळ आली नाही, असं मी लोकांना सांगते.

सर्व्हेच्या मुलींनी प्रत्येक दाराच्या चौकटीवर गेरूने आकडा टाकलाय. वाडीच्या खालच्या टोकापासून चढत निघाले. आकडे बघत, माणसांकडे न बघता. लोक हाका मारत होते, "कवा आलीस गो?" मी हात हलवत होते आणि चौकटी वाचत होते. पंधरावर एक म्हातारी उन्हाला बसलेली. सोळाला कुलूप, ते सगळे मुंबईला असतात. सतराच्या पायरीवर माझी आई मिरच्यांची देठं काढत बसली होती.

हातात कागद होता. काय बोलावं सुचेना, म्हणून कागदावरचंच विचारलं. खरंच विचारलं. "आये, या घरात कुणाचं बाळ गेलं?"

आईने मान वर केली. "येडी झालीस काय गो? तुजंच गेलं."

मग म्हणाली, "ती पोर आलेली इचारायला. मी सांगितली तुजी. तुज्या सासरी इचारलं असतं तर काय म्हनाले असते, आमच्याकडं काय नाय झालं. मग सांगनार कोन? ती तर हितंच हाय ना."

तिने मला वरच्या बांधावर नेलं. ऐनाच्या झाडाखाली तीन दगड आहेत. पावसात हलतात, आई दरवर्षी परत रचते. मला कधी बोलली नाही. मी कधी विचारलं नाही.

आता लिहिते. मला मुलगी झाली होती. सात महिने मी तिला खालच्या वाडीत, तेच पाणी पीत पोटात वाढवली. पाय असे सुजले होते की चप्पल चढत नव्हती. सासूबाई म्हणाल्या, पहिलटकरणीचे सुजतातच. ओटी भरली, उमरठला आले, आणि पंधरवड्यात, १२ फेब्रुवारीला, ती गेली. मी तिचं तोंड बघितलं नाही. बघू नको म्हणाले आणि मी ऐकलं. आज दगडांपाशी बसून इतकी रडले की आई घाबरली. मग तीही रडली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी दात घासता घासता हात थांबला.

माझी मुलगी उमरठच्या रकान्यात आहे. झऱ्याचं पाणी पिणाऱ्यांत! अरे, मी ते पाणी प्याले किती? पंधरा दिवस. बाकीचे सात महिने बोअर.

आणि मी काय जगावेगळी आहे? आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्यात ओटी भरायची आणि पाठवायचं. खालच्या वाड्यांत निम्म्या सुना पोलादपूरच्या डोंगरातून आलेल्या, कारण खाली शिफ्टची नोकरी आहे म्हणून वरचे लोक खाली मुली देतात. बाळ जगलं तर तीन महिन्यांनी पाळण्यासकट सासरी येतं. सर्व्हेची मुलगी दारात जाते, अंगणात रांगणारं पोर दिसतं, 'या घरात जिवंत' म्हणून लिहिते. बाळ गेलं तर ते माहेरीच राहतं. सासरचे म्हणतात, आमच्याकडे काही झालं नाही. खोटंही बोलत नाहीत ते, त्यांच्या घरात झालेलं नसतंच. माहेरची आई मात्र सांगते.

म्हणजे जगलेली आम्ही खाली मोजली आणि मेलेली वर. दोन्ही रकाने सारखे येतील नाहीतर काय!

प्रश्न सरांनी आणि मी मिळून लिहिला होता. 'या घरात.' दोघांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. सर पुरुष आणि मुंबईचे, त्यांना माफ. मला कोण माफ करणार?

दिवसभर ताटलीकडे बघवेना. त्या चिंचोक्यांतले खरे डोंगरातले किती आणि माझ्या मुलीसारखे चुकीच्या गावात बसवलेले किती, सांगता येत नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सरांना सगळं सांगितलं. माझंही. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आम्रपाली, वाईट वाटलं. मनापासून. पण निकाल बघून मोजायची रीत बदलायची नसते. आज तुला फरक हवा म्हणून तू माहेर काढलंस. उद्या कुणाला फरक नको असेल, तो आणखी काहीतरी काढेल. आणि तू स्वतः त्या कागदांत आहेस."

इतका राग आला! राग आला, कारण बरोबर होतं. मला फरक हवाच आहे. माझ्या मुलीला मारणारं काहीतरी सापडायला हवंय. अशा बाईच्या हातात ताटली देऊ नये, हे मी दुसऱ्या कुणालाही सांगितलं असतं.

म्हटलं, "मग मला बाहेर काढा. प्रश्न आधी ठरवू, कागदावर सही करू, मग विचारू. गरोदर असताना बाई कुठे राहत होती, महिन्यागणिक. ती उत्तरं एकीकडे, बाळाचं काय झालं ते दुसरीकडे. मुक्काम वाचणाऱ्याला बाळ दिसता कामा नये. जोडायचं शेवटी, तुम्ही, मुंबईत."

ते म्हणाले, "हे चालेल." आणि म्हणाले, तोवर बाहेर कुणाशी बोलायचं नाही. ना फरक आहे म्हणून, ना नाही म्हणून.

२३ फेब्रुवारी, रविवार

सेजलचं काय?

फोन हातात घेतला आणि ठेवला. सर म्हणाले कुणाशी बोलू नको. शिवाय नको पिऊ म्हणून सांगणंसुद्धा न कळताच बोलणं झालं. निकाल येऊ दे, मग सांगते. शास्त्राने हेच बरोबर आहे.

धम्मपालला विचारलं. तो म्हणाला, "पी म्हणून सांगताना शास्त्र विचारलं होतंस का?" आणि आंघोळीला गेला. असा माणूस!

मीच कॅन भरून पोचवले असते, पण आत्या विचारतील का म्हणून. मग मला सांगावं लागेल का ते. त्या घरात आजवर तो विषय निघालेला नाही. मी परत आल्यावर आत्यांनी फक्त एवढं विचारलं होतं, "जेवलीस काय?"

५ मार्च, बुधवार

बुशरा आणि दोन नवीन मुली घरोघरी फिरताहेत. मी ऑफिसात, मला कागद दाखवत नाहीत. दाखवू नका म्हणून मीच सांगितलंय आणि दिवसभर तळमळते.

आज बुशराने दार लावून घेतलं. "ताई, तुमचा नंबर लागलाय." मी म्हटलं, माझं तुला माहीत आहे, लिहून टाक. ती म्हणाली, "माझ्या मनाने लिहीत नाही मी. तुम्हीच शिकवलंत."

मग विचारलं तिने. पहिल्या महिन्यात मुक्काम कुठे, दुसऱ्यात, तिसऱ्यात. मी 'खालची वाडी, खालची वाडी' म्हणत गेले. प्रत्येक वेळी एकेक गोष्ट आठवली. चौथ्यात कैऱ्यांचे दिवस नव्हते तरी धम्मपालने कुठून तरी कैरी आणली होती. पाचव्यात ती पहिल्यांदा हलली, मी विळीवर बसले होते. एकही प्रश्न गाळला नाही पोरीने.

आज दुपारी खुर्चीजवळ कुणी आलं नाही. मी वळूनसुद्धा बघितलं.

१६ मार्च, रविवार

सेजलचा फोन. ओटी पुढच्या रविवारी, या म्हणाली. मग सहज म्हणाली, "ताई, पाय मेले सुजलेत. चप्पल चढत नाय. डोकं पण दुखतंय. आत्या म्हणतात, पहिलटकरणीचे सुजतातच."

मी म्हटलं, दाखवून घे. ती म्हणाली, वीस तारखेला महाडला येणारच आहोत सगळे, तेव्हा दाखवू. मी बरं म्हटलं.

बरं म्हटलं मी!

१७ मार्च, सोमवार

झोप नाही. सकाळीच दिराला फोन केला, आजच घेऊन ये म्हटलं. तो सेकंड शिफ्टला. म्हणाला, "वयनी, तीन दिसांनी येतोच हाव." का आजच, ते सांगितलं नाही मी. सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं. तोंडाला कुलूप बसलंय.

२१ मार्च, शुक्रवार

सेजल सरकारी दवाखान्यात आहे. बाळाचे ठोके आहेत. बीपी उतरत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोजचा दिवस रोज बघू. काल काय झालं ते लिहून टाकते.

वीस मार्च, त्यामुळे चवदार तळ्यावर ही गर्दी. वाडीतले सगळे पांढऱ्या कपड्यांत सकाळीच आमच्याकडे उतरले. सेजल सगळ्यांच्या शेवटी जिना चढली. पायात नवऱ्याच्या चपला. तोंड सुजलेलं. मला म्हणाली, "ताई, डोळ्यांपुढं काजवे चमकतात." आणि हसली.

मी तिला पकडून खाली बसवलं. आत्या म्हणाल्या, "आधी तळ्यावर जाऊन येऊ, मग दवाखाना."

"नाही," म्हटलं. "आत्ता."

"अगो, पयलटकरणीचे..."

"माझे पण सुजले होते, आत्या. तुम्ही हेच म्हणाला होतात. आणि ती गेली. माझी मुलगी. ती उमरठची नव्हती. आपल्याच घरची होती, तुमच्या वाडीची, तुमच्या बोअरची." सगळी वाडी खोलीत उभी.  मी सेजलकडे वळले. "आणि तुला मी पी म्हटलं, तेव्हा मला माहीत नव्हतं, सेजल. माहीत नव्हतं आणि माहीत आहे म्हणून सांगितलं. आणि महिनाभर कळूनसुद्धा गप्प बसले. पाण्याने आहे की कशाने, अजूनही माहीत नाही. पण तू आता खाली जायचं नाहीस."

 सेजलने फक्त पोटावर हात ठेवले. ते मला आयुष्यभर दिसणार आहे.

धम्मपालने रिक्षा आणली. तळ्याकडे जाणाऱ्या गर्दीतून उलटं जायला फार वेळ लागला. तिला आत घेतलं आणि आम्हा दोघींना, मला आणि आत्यांना, बाहेर बाकावर बसवलं. तेवढ्यात सरांचा मेसेज आला. कागद जोडले, फरक आहे, चांगलाच आहे, जुना अहवाल थांबवतोय, पुन्हा एकदा तपासू. वाचला आणि फोन पिशवीत टाकला. काही वाटलं नाही. ताटलीभर पोरं आज आपापल्या घरी परत आली होती, आणि मला फक्त आतून सिस्टरचा आवाज येतो का एवढंच हवं होतं.

आत्या पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मग पदर बाजूला करून म्हणाल्या, "माजा पयला पन असाच गेला. म्हायेरी. माजी सासू म्हनाली, हितं कुनाला बोलू नको. मी नाय बोलले. धम्माला पन ठाव नाय."

मी त्यांचा हात धरला. त्या म्हणाल्या, "तुज्या त्या मोजनीत त्याला घेशील काय गो?"

महापुराच्या आधीचं एकही नाही. सही केलेला नियम. त्या वेळी बोअर नव्हता, विहीर होती. त्याला घेतलं तर बाकीच्यांचं खरं कोण मानेल?  शेवटी म्हटलं, "नाही घेता येत, आत्या. तो फार आधीचा."

"बरं," म्हणाल्या. मग, "तुजी घेतलीस ना?"

"हो."

"कुटं लिवलीस तिला?"

"खालच्या वाडीत. आपल्यात."

तेव्हा त्या रडल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा. इतकी वर्षं मला वाटत होतं, ह्या बाईला काही झालंच नाही.

तेवढ्यात सिस्टरने दार उघडलं आणि विचारलं, "ठोके सापडले. बाळाची आजी कोण? आत या."

आत्यांनी डोळे पुसले, पण उठल्या नाहीत. सिस्टरकडे बघत म्हणाल्या, "कंच्या बाळाची?"